अनुभव धागा : ‘थोडंसंच वारं गेलंय’

आमच्या बीडकडं पक्षाघात हा शब्द दवाखान्याच्या कागदावरच असतो. घरात म्हणतात, अंगावरून वारं गेलं. लगेच पुढचा प्रश्न येतो, थोडं का जास्ती? आईला वारं गेलं तेव्हा येणाऱ्या प्रत्येक फोनवर मीच सांगत होते, “माइल्ड आहे, काळजी करू नका.” हात हालत होता, पाय चालत होता. एकदा तिनं ते ऐकलं. म्हणाली, “थोडं कुणाला गेलं? मव्हा हात भाकर फिरवीना.” तिच्या हातची भाकरी पुन्हा झाली नाही. त्यानंतर तो शब्द मी सोडला.

तुमच्या घरी काय म्हणाले, आणि त्या म्हणण्यानं काय झालं? लिहा.

परभणी
वडिलांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. वीस मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. शेजारी म्हणाले, “येऊन गेलं, टळलं.” कापूस वेचणी चालू होती, आम्हीही टळलंच समजलो. तिसऱ्या दिवशी पहाटे उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पहिल्या वेळचं ते टीआयए होतं, हे नंतर कळलं. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि परत सुरू होतो. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. आम्ही ते रानात घालवले.

लातूर, नर्स
नातेवाईक विचारतात, “सिस्टर, किती टक्के आहे?” आम्ही मोजतो ते टक्के नसतात. शून्य ते 42 अशी मोजणी असते. शुद्ध, नजर, चेहरा, हात, पाय, बोलणं असं एकेक तपासून गुण देतात. गुण जितके जास्त, तितका झटका मोठा. एक हात आणि एक पाय पूर्ण लुळा पडला तरी त्या दोघांचे मिळून आठच. एका भावानं 15 ऐकलं आणि ‘शंभरात पंधराच ना’ म्हणून हुश्श केलं. त्याला बसवून समजावताना मलाच भरून आलं.

अजून एक. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून आम्ही पुन्हापुन्हा विचारतो, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? झोपेतून उठल्यावर दिसलं असेल, तर रात्री झोपल्यापासून तास मोजावे लागतात. उत्तर येतं, “बारीकच होतं, म्हणून सकाळची वाट बघितली.”

हिंगोली
आमच्याकडं भारी असलं तर गाडी काढायची, हलकं असलं तर पारव्याचं रक्त चोळायचं. काकांचं हलकं होतं. चार दिवस चोळलं. हात आजही छातीशी आखडलेलाच आहे.

नांदेड, शिक्षक
मला स्वतःला झाला, एकेचाळिसाव्या वर्षी. माझे गुण दोन. चालतो, जेवतो, सही करतो. लोक म्हणतात, “थोडक्यात निभावलं सर.” त्यांचं मन चांगलं आहे, हे मला कळतं. पण दुसऱ्या तासालाच डोकं सुन्न होतं आणि रोजच्या पोरांची नावं तोंडात येत नाहीत. हा थकवा त्या मोजणीत कुठंच धरलेला नाही. आता कुणी किती होतं विचारलं की लेकच सांगते, “बाबांशी एकेकानं बोला, टीव्ही बंद करून. आणि नाव आठवेना झालं तर मधेच सांगू नका, थांबा.”