सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही

वरच्या पोस्टमध्ये एकाने म्हटलंय की त्याचा डीव्हीडी प्लेअर सीडी वाजवतो, पण डीव्हीडी घातली की 'नो डिस्क' दाखवतो, म्हणजे कंपनीचा माल वाईट. मला तसं वाटत नाही. डिस्क वाचणारी लेन्स बहुधा एकच असली तरी लेझर दोन असतात: सीडीचा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५० चा. म्हणून एक चालू राहून दुसरा बंद पडू शकतो. लेन्स एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. तरी फरक नाही पडला तर डीव्हीडीचा डायोड (लेझर सोडणारा भाग) थकलाय, असं धरा.

आणि आपल्या कोकणात खाऱ्या हवेला विसरून कसं चालेल? मीठ ओल धरून ठेवतं, सर्किटबोर्डवर त्याचा थर बसला की तांबं हिरवं पडतं, रिबन केबलचे (आतल्या चपट्या वायरचे) कॉन्टॅक्ट जातात. रोज चालणारा सेट आतून गरम राहतो, म्हणून तुलनेने टिकतो. खरे हाल चाकरमान्यांच्या बंद घरातल्या टीव्ही-प्लेअरचे! अख्खा पावसाळा कुलूप, मग गणपतीला येऊन थेट स्विच. तो सेट आधी दोन दिवस कोरड्या खोलीत राहू दे, मग लावा. आणि मुंबईला परतताना प्लग काढायला विसरू नका. परतीच्या पावसातल्या विजा स्टॅबिलायझरला जुमानत नाहीत.