आयनॅचरलिस्टवरच्या नोंदी 'नीड्स आयडी'वरच अडकतात, काय चुकतंय?

कातळसडा
आयनॅचरलिस्टवर (जीवजातींच्या नोंदी टाकून इतरांकडून ओळख पटवून घ्यायचं संकेतस्थळ) आंबोली परिसरातल्या साठेक नोंदी टाकल्यात. निम्म्याहून जास्त अजून 'नीड्स आयडी' (ओळख बाकी) दाखवतायत, काही थेट 'कॅज्युअल'मध्ये (पडताळणीला न जाणाऱ्या नोंदींत) गेल्या. फोटो मोबाइलचे, पण स्पष्ट आहेत. अडकलेल्यांत छोटी पिवळी फुलपाखरं आणि भातखाचरातले बारके बेडूक जास्त. एक आंबोली टोड (भेकाची एक जात) आहे, त्याची जागा नकाशावर भलतीकडेच दिसते. कॅमेरा घ्यावा लागेल का?

पिसोळी
कॅमेरा राहू द्या. आधी 'कॅज्युअल'चं बघू. त्यात अंगणातली जास्वंद वगैरे असेल तर लावलेलं झाड तिथेच जाणार, ते बरोबर आहे. (जास्वंदीवरच्या किड्याची मात्र वेगळी नोंद करा, तो रानचाच.) बाकीच्यांत तारीख किंवा जागा नसणार. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो असेल तर त्यातली वेळ आणि जीपीएस गळून गेलेले असतात. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. स्क्रीनशॉट त्याहून वाईट, कारण त्याला तो काढल्याची तारीख लागू शकते आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

पिवळी फुलपाखरं म्हणजे बहुधा ग्रास यलो. ती पंख मिटूनच बसतात, त्यामुळे खालची बाजूच कामाची. पुढच्या पंखाच्या बुडाजवळ शिरांनी वेढलेला भाग असतो, त्याला सेल म्हणतात. त्यात साधारणपणे दोन ठिपके असले तर कॉमन, तीन असले तर थ्री-स्पॉट. नेमका हाच भाग मागच्या पंखाखाली झाकला जातो. म्हणून पंखाला काटकोनात, त्याच्याच उंचीवर बसून पाच-सहा फोटो घ्या, एखाद्यात तो उघडा पडतो. हे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. पण शेजारी दुसरं फुलपाखरू असेल तर त्याची नोंद वेगळी.

दुसऱ्या जातीसारखी दिसणारी नकलाकार फुलपाखरंही बघून घ्या. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर. तिथे काही नसून वरच्या कडेला एकच ठिपका असला तर त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी. कॉमन रोझचं अंग लाल असतं. त्याची नक्कल करणाऱ्या कॉमन मॉर्मन मादीचे पंख हुबेहूब जमतात, अंग काळंच राहतं.

डराँव
बेडकांचं वेगळं आहे. खाचरातले ते बारके बहुधा मिनरवार्या गणातले (गण म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट). त्यांच्यातल्या कित्येक जाती नुसत्या फोटोवरून कुणीच खात्रीने सांगणार नाही, मग कॅमेरा लाखाचा का असेना. तिथे आवाज लागतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलप्रकार) निवडा. दीड-दोन मीटरवर जाऊन टॉर्च बंद करा आणि हलू नका. जवळ गेल्यावर तो गप्प होतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो. तीस सेकंद ते मिनिटभर पुरे. छत्रीखाली रेकॉर्डिंग करू नका, थेंबांच्या ताशाखाली सगळं बुडतं. व्हिडिओ आयनॅचरलिस्टवर चढत नाही, त्यातला आवाज वेगळा काढून चढवा. हवेचं तापमानही लिहून ठेवा, गारठ्यात ओरडण्याची गती मंदावते.

आवाज आणि फोटो एका नोंदीत तेव्हाच, जेव्हा *तोच* बेडूक ओरडताना दिसला. खाचरात शंभर ओरडत असतात.

फोटो तीन हवेत: वरून, बाजूने (डोळा आणि कानाचा पडदा दिसेल असा) आणि मागच्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याचा. पकडू नका. डासांचं मलम लावलेला हात त्याच्या कातडीला बाधतो.

एवढं करून गणापर्यंतच ओळख पटली तर ती तशीच राहू द्या. दोघांनी गण मान्य केला आणि 'याहून पुढे ओळख शक्य नाही' असं मत नोंदवलं, तर गणावरही 'रिसर्च ग्रेड' (ओळख पक्की मानल्याचा दर्जा) मिळते.

सह्यकडा
टोडची जागा चुकलेली नाही, मुद्दाम झाकली आहे. ही जात अतिसंकटग्रस्त. अशा जातींचा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे आपल्याकडे साधारण २० किमीच्या टापूत, कुठेही दाखवतात. लोकांना तारीखही फक्त महिन्यापुरती दिसते. तुमच्या खात्यातून खरी जागा दिसेल. फक्त वर्णनात 'अमुक हॉटेलामागचा कातळ' असं लिहू नका, मग झाकण्याला अर्थ उरत नाही.

इतर नोंदींत 'आंबोली' शोधून टिचकी मारली असेल तर अचूकतेचं वर्तुळ काही किलोमीटरचं पडलं असेल. ते खऱ्या जागेवर ओढून पाच-पन्नास मीटरवर आणा.

कातळसडा
आभार, फोटो पुन्हा चाळतो. अ‍ॅप स्वतःच जात सुचवतं, ती निवडायची का?

डराँव
सुचवण्याखाली 'एक्स्पेक्टेड निअरबाय' (ही जात जवळपास अपेक्षित) आहे का बघा. नसेल तर गण निवडा. आणि मित्राला 'अ‍ॅग्री' दाबायला सांगू नका. तुमची आणि त्याची मिळून दोन मतं झाली की नोंद खरी पडताळणी न होताच 'रिसर्च ग्रेड' होते, लायसन्स मोकळं (इतरांना वापरू देणारं) असेल तर पुढे जीबीआयएफच्या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. नंतर कुणी वेगळी ओळख दिली तर आधी कारण विचारा. पटलं तर आपली ओळख मागे घ्या, नोंद पुसू नका.