चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद, गॅरेजवाले म्हणतात इंजिनच बदला – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार दिवसांपूर्वी आमची गाडी हायवेवर चालता चालता बंद पडली, तेव्हापासून ती गॅरेजमध्ये उभी आहे. पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर ८८,००० किमी होते, आता ९६,००० झालेत. सर्व्हिसची कागदपत्रं मिळाली ती ६०,००० पर्यंतचीच. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण गाडी चालायला इतकी छान होती की मी पुढे काही विचारलंच नाही.

मी चालवत होते, मागे दोन्ही मुलं आणि सासूबाई. वेग ८० च्या आसपास. आधी ना आवाज, ना धूर, ना कसला झटका. पाय ॲक्सिलरेटरवरच होता आणि गाडीचा जोरच गेला. क्लच दाबला तसा आरपीएमचा काटा शून्यावर आला, ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं. पहिल्यांदा ब्रेक नीट लागला, तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट. कशीबशी कडेला घेतली. मुलं अजूनही गाडीचा विषय निघाला की गप्प होतात.

नंतर चार-पाच वेळा स्टार्टर मारून पाहिला. नेहमी तो जरा अडखळत फिरतो, तसा फिरत नव्हता. सलग 'घर्रर्र', एकदम हलका, जणू आत काही अडवायलाच नाही. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे, काळपट आहे पण दुधाळ नाही. कूलंट भरलेलं आहे. गाडी गरम झाली नव्हती, खाली गळतीही नाही.

गॅरेजवाल्यांनी दोनदा किल्ली फिरवली आणि म्हणाले, "इंजिन बसलंय, दुसरं टाका." एक कव्हरसुद्धा उघडलं नाही. न उघडता हे कळतं का? होकार देण्याआधी कोणती तपासणी करून घ्यायला सांगू? घरात गाडी एकच आहे, त्यामुळे घाई आहे, पण चुकीच्या गोष्टीत पैसे घालायचे नाहीत.

प्रतिसाद १

ताई, आधी किल्ली फिरवणं बंद करा, त्यांनाही फिरवू देऊ नका.

इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम झालं असतं तर स्टार्टरने ते फिरलंच नसतं. तुमचं हलकं फिरतंय, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) होत नाहीये. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅमला जोडणारा दातेरी पट्टा, गेला की नेमकं हेच होतं. क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) फिरतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर थांबतो, काही व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) उघडेच राहतात. पुष्कळ इंजिनांत मग पिस्टन वर येऊन त्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि ते वाकतात. स्टार्टर मारत राहिलं तर नुकसान वाढू शकतं. तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, ते मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर वरचं कव्हर काढायला सांगा, थोडेच बोल्ट असतात.

ब्रेकचं म्हणाल तर इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागात) उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच मदत मिळते. म्हणून अशा वेळी पंप न करता एकदाच दाबून धरायचा. तुम्ही गाडी सुखरूप बाजूला घेतलीत, हे मोठं काम केलंत.

प्रतिसाद २

आमच्याही गाडीचा बेल्ट तुटला होता. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवल्यावर आठ व्हॉल्व्ह वाकलेले निघाले, पिस्टनवर नुसत्या चंद्रकोरीसारख्या खुणा होत्या. हेडचं काम झालं आणि तेच इंजिन आजही चालतंय. बेल्ट किती किमीला बदलायचा ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, आणि रबर नुसत्या वर्षांनीही म्हातारं होतं. जुन्या बिलांत तो बदलल्याचा उल्लेख आहे का?

मूळ प्रश्नकर्ती

बिलं पुन्हा चाळली, बेल्टचा उल्लेख कुठेच नाही. आज समोर उभं राहून कव्हर उघडायला लावलं. बेल्ट तुटलेला नाही, पण खाली क्रँकच्या पुलीपाशी वीतभर दातेच उडालेत. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. आता ते म्हणतात, थेट हेड उतरवू. त्याआधी काही करता येईल का?

प्रतिसाद १

येईल. नवा बेल्ट क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या खुणा जुळवून चढवायचा. व्हॉल्व्ह आणखी अडकू नयेत म्हणून खुणा कशा जुळवायच्या याची कंपनीची पद्धत पाळायला सांगा. मग पान्याने, हातानेच क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही. मोकळा फिरला तर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि आकडे लिहून घ्या. एखाद्यात जवळपास शून्य आलं तर हेड उतरवावंच लागेल. चारही चांगले आणि सारखे आले तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि बेल्टवर चालणारा असेल तर वॉटर पंपही आत्ताच बदलून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. इंजिन बदलायला नको म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी टेस्ट आहे, आकडे इथेच लिहिते.