मदत हवी आहे: संशयिताचं नाव जाहीर करावं का?

नमस्कार मंडळी. माझ्या मामांच्या खुनाचा अजून छडा लागलेला नाही. घरच्यांचा एका माणसावर दाट संशय आहे, आणि मामेभाऊ आता त्याचं नाव फोटोसकट फेसबुकवर टाकायला निघालाय. मामीही त्याच्या बाजूने आहेत. त्यांचा संताप मला कळतो, पण भीती वाटते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला २ वर्षांपर्यंत कैद आहे. नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. त्याहून मोठी काळजी खटल्याची. त्या रात्री शेजारच्या काकूंनी कुणाला तरी पळताना पाहिलंय. उद्या ओळख परेड झाली, म्हणजे काकूंना बऱ्याच जणांतून त्याला ओळखायला सांगितलं, तर फोटो आधीच सगळीकडे फिरला होता म्हणून बचावाचा वकील ती ओळख टिकूच देणार नाही. आणि संशय चुकीचा निघाला तर? याच नागपुरात २००४ मध्ये जमावाने कोर्टात शिरून एका आरोपीला ठार मारलं होतं. या माणसाला लहान मुली आहेत हो.

पोलिसांना सद्भावनेने लेखी नाव देणं बदनामीत मोडत नाही, तेवढं आम्ही करतोय. पण पुढे काय? पोलिसांना तपासाचे आदेश द्यावेत म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, की थेट हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका? कुणाला अनुभव आहे का? मामेभावाला समोर बसवून समजावेल असा फौजदारी वकील माहीत असेल तर कृपया सांगा. तो रविवारी पोस्ट टाकणार म्हणतोय.