मुलांची खेळणी कुणाला देऊ? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्यांनी सांगा

टिळकवाडीची आई:
मंडळी, सल्ला हवाय. थोरली १३ वर्षांची झाली, धाकटा १० चा. दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसला तर खेळण्यांची चार पोती निघाली. ठोकळे, भातुकली, तीनचाकी सायकल, जिगसॉ, सेलवरच्या मोटारी, अकरा टेडी आणि एक डुलणारा लाकडी घोडा. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, पण माझा जीव होत नाही. नात्यातल्या पोरांकडं आधीच ढीग आहे.

मागं एकदा एका संस्थेला मोठी पिशवी भरून दिली होती. वर्षभरानं गेले तर पिशवी कपाटावर, माझ्या हातची गाठ तशीच. तिथल्या मुलांनी ती बघितलीही नव्हती. त्या दिवशी फार वाईट वाटलं. या वेळी पोराच्या हातात पडेल अशीच जागा हवी. कुठं देऊ आणि काय देऊ नको, दोन्ही सांगा.

खानापूरची सेविका:
अक्का, मी खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावात अंगणवाडी चालवते. पोरं ३ ते ६ वर्षांची. ठोकळे आणा, जितके जास्त तितकं बरं. बाहुली एकच आली तर वीस पोरांत रडारड होते. ठोकळे ओतले की सगळी गोल करून बसतात. भातुकलीही फार चालते. परवा एका पोरीनं बाटलीच्या टोपणात माती भरून मला "बाई, च्या घ्या" म्हणून दिली. कप आमच्याकडं दोनच, ते दुसऱ्यांनी धरले होते. चित्रांची कार्डं असतील तर अक्षरं नसलेली बघा. आमची पोरं घरात मराठी बोलतात, फळ्यावर कन्नड बघतात. आंब्याचं चित्र दाखवलं की मी आधी आंबा म्हणते, मग माविन हण्णु, आणि पोरं दोन्ही ओरडून म्हणतात.

सेलवरचं आणू नका. सेल संपले की ते पडून राहतं, नवे घालायला पैसे कुणाकडं आहेत? बारीक मणी, गोट्याही नकोत. मोठ्या भावंडामागं रांगणारं बाळ येतं, ते हाताला लागेल ते तोंडात घालतं. टेडी जून ते सप्टेंबर अजिबात देऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे की. एकदा भिजलं की वाळत नाही, बुरशी धरते. आता उन्हं आहेत तोवर द्या.

आणि न सांगता येऊ नका. आधी जवळच्या सेविकेला विचारा, तिला पर्यवेक्षिकेच्या कानावर घालू द्या. मग पोरं हजर असतील त्या वेळी या, सकाळी. पिशवीची गाठ तुमच्यासमोरच सुटेल.

वॉर्डातली नर्स:
लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. आमच्याकडं कापसाची खेळणी घेत नाहीत. एकाचा संसर्ग दुसऱ्याला जातो. साबणानं धुता येईल असं प्लॅस्टिक चालतं, तेही आधी विचारून.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. गाणी म्हणणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांत चपटे, बटणासारखे सेल असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं. देण्याआधी प्रत्येक सेल काढा. झाकणाला स्क्रू नसेल किंवा ते सैल असेल तर ते खेळणं कुणालाच देऊ नका. सुटे लोहचुंबकही तसेच.

निपाणीकर:
ताई, दिवाळीनंतर आमच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, विजापूरकडच्या. पोरं दिवसभर खोपीजवळ नाहीतर फडाच्या बांधावर. गेल्या वर्षी आम्ही मुकादमाशी बोलून बॉल, दोरीउड्या आणि एक तीनचाकी नेली. एका पोरानं सायकलवर बसायच्या आधी शर्टाच्या टोकानं सीट पुसली, मग धाकट्या बहिणीला बसवलं आणि स्वतः मागून ढकलत राहिला. अर्धा तास तरी ते आम्ही बघत होतो.

पण आमचं एक चुकलं. सायकल एकच होती, बाकीची पोरं नुसती बघत उभी राहिली. सगळ्यांना मिळून खेळता येईल असंच न्या. हंगाम संपला की त्यांना बिऱ्हाड बांधून परत जायचं असतं, तेव्हा लहान आणि हलकं बरं. फोटो काढू नका. आम्ही मोबाईल बाहेर काढला नाही, म्हणून आया मोकळेपणानं बोलल्या.

शहापूरचा दादा:
साफसफाईबद्दल एवढंच. ठोकळे जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धुवा, कढत पाण्यात वाकतात. सेल गळून पांढरं साचलं असेल तर हातमोजे घालून कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडं करा. जिगसॉ एकदा पूर्ण लावून बघा. तुकडे मोजून आकडा पिशवीवर लिहा. शेवटचा तुकडा नसलेला जिगसॉ दुसऱ्याच्या पोराला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रंगाचे पोपडे निघालेली जुनी खेळणी बाजूला काढा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७ पासून आली. आयएसआय खूण शोधत बसू नका. खेळण्यांना ती सक्तीची झाली १ जानेवारी २०२१ पासून, तुमची त्याआधीचीच असणार.

हिंदवाडीची आजी:
बाळ, मुलांना विचारलंस का? माझ्या लेकाची गोकाकची लाकडी फळं मी न विचारता देऊन टाकली होती. तो आता चाळिशीचा आहे, अजून त्या सीताफळाचं नाव काढतो.

टिळकवाडीची आई:
आजी, नव्हतं विचारलं. काल दोघांना बसवून विचारलं. थोरलीनं दोन टेडी ठेवले, बाकी धुऊन गच्चीवर वाळत टाकलेत. धाकटा घोड्यावर अडून बसला होता. सेविकाताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं तर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "त्याचा डावा पाय हलतो, तसाच कसा द्यायचा?" सकाळपासून बाबांचा पाना घेऊन बसलाय.

ठोकळे, भातुकली आणि घोडा अंगणवाडीला, सायकल आणि बॉल निपाणीकडं. मोटारींचे सेल काढले, तीन झाकणं सैल निघाली, त्या कुणालाच देणार नाही. सेविकाताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. कुठल्या सकाळी येऊ ते कळवा, धाकटाही बरोबर येतोय.