नॉन-मॅक्सिमम सप्रेशनला मराठीत काय म्हणावे? ‘विरळणी’ चालेल का?

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांना मी संगणकीय दृष्टी, म्हणजे संगणकाला चित्रातल्या वस्तू ओळखायला लावण्याचा विषय, शिकवते. वर्गात सगळे बोलणे मराठीतच चालते, पण टिपणे लिहायला बसले की दर दुसऱ्या ओळीला एखादा इंग्रजी शब्द आडवा येतो. यंदा मुलांनी द्राक्षघड मोजण्याचा प्रकल्प घेतला आहे. बागेत फोटो काढायचा, संगणकाने त्यातले घड ओळखून प्रत्येकाभोवती चौकट काढायची आणि चौकटी मोजायच्या.

यात अडचण अशी की ओळखणारे मॉडेल एका घडाभोवती एकच चौकट काढत नाही. तोच घड त्याला जरा डावीकडून दिसतो, जरा उजवीकडून दिसतो, आणि एकावर एक चढलेल्या चार-पाच चौकटी येतात. प्रत्येक चौकटीसोबत ‘इथे घड आहे’ याबद्दलच्या खात्रीचे गुण असतात, शून्य ते एकच्या दरम्यान. मग पुढची पायरी येते. सगळ्या चौकटी गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या, पहिली ठेवायची, तिच्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चढलेल्या चौकटी काढून टाकायच्या. उरलेल्यांतली सर्वांत वरची घ्यायची, पुन्हा तेच. यादी संपेपर्यंत.

हिला इंग्रजीत नॉन-मॅक्सिमम सप्रेशन म्हणतात, बोलताना एनएमएस. टिपणांत मी ‘महत्तमेतर दमन’ लिहून पाहिले. मुलांना महत्तम शब्द मसाविमुळे शाळेपासून ओळखीचा आहे, तरीही जोडशब्द जिभेवर बसत नाही. ‘दमन’ म्हटले की लाठीमार आठवतो. ‘कमाल’ घ्यावे तर ‘कमालेतर’ असा विजोड संधी होतो. तुमच्या ऐकण्यात किंवा वापरात काही आहे का?

बागायतदार निफाड

ताई, तुम्ही जे सांगताय त्याला आमच्याकडे विरळणी म्हणतात. मक्याचा, बाजरीचा पेरा दाट पडला की उगवल्यावर एका जागी एक जोमदार रोप ठेवायचे आणि आजूबाजूची उपटायची. सगळ्यात जोमदार कोण ते आधी बघतो, मग त्याला खेटून असलेली काढतो, मग पुढच्या जागेवर जातो. तुमची यादी तशीच चालते. द्राक्षात गोडी छाटणीनंतर घड निघाले की एका काडीवरचे कमजोर घड काढतो, पुढे मण्यांची विरळणी असते. बागेत मजूर ‘थिनिंग’ही म्हणतात, पण विरळणी म्हटले की सगळ्यांना कळते. घडच मोजायचे आहेत, तर शब्दही बागेतलाच घ्या.

पाटीपेन्सिल

विरळणी शब्द सुरेख आहे, पण इथे मला तो नीट लागू वाटत नाही. विरळणीत उपटलेले रोप खरे असते. ते जिवंत असते, जागा मिळाली असती तर वाढले असते. इथे काढून टाकलेली चौकट म्हणजे वेगळा घड नव्हेच, त्याच घडाची पुन्हा झालेली नोंद. मतदार यादीत एकाच माणसाचे नाव दोनदा आले तर आपण ‘दुबार नाव वगळले’ म्हणतो, यादी विरळ केली म्हणत नाही. म्हणून माझी सूचना ‘दुबार चौकटी वगळणे’. ज्याला विषय ठाऊक नाही त्यालाही काय चालले आहे ते पहिल्या वाचनात कळेल. परिभाषेचे काम तेच असते.

गोदातीर

पाटीपेन्सिल, ‘दुबार’ पटकन कळतो, यात वाद नाही. टिपणात पहिले वाक्य त्याच शब्दाने करता येईल. नावासाठी मात्र मी अजून थांबते.

इतिहासातली एक गोष्ट इथे कामाला येईल. ही संज्ञा चौकटींच्या आधीची आहे. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये चित्रातल्या कडा शोधण्याची जी रीत मांडली, तिच्यातही ही पायरी आहे. उजेड जिथे झपाट्याने बदलतो तिथे कड, पण हिशोब केल्यावर ती जाड पट्ट्यासारखी येते. म्हणून प्रत्येक बिंदूची तुलना बदलाच्या दिशेतल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी करायची आणि तो दोघांपेक्षा मोठा नसेल तर त्याला शून्य करायचे. पट्टा झिजून बारीक रेघ उरते. तिथे ‘दुबार’ असे काहीच नसते. प्रत्येक बिंदू वेगळाच असतो, फक्त शेजाऱ्यापेक्षा कमी भरतो. दोन्ही ठिकाणी चालेल असा शब्द मिळाला तर मला हवा आहे.

कॅमेरेवाला

मी नाशिकमध्येच कॅमेऱ्याच्या चित्रांवरून मोजणीची कामे करतो. वाहने, पेट्या, माणसे. पाटीपेन्सिल यांचा मुद्दा हेतूबद्दल बरोबर आहे, पण कृतीबद्दल नाही. हा फरक रोजच्या कामात फार महागात पडतो, म्हणून आकडे घालून लिहितो.

समजा वेलीवर दोन घड आहेत, एक पुढे आणि एक त्याच्या मागून उजवीकडे डोकावणारा. चार चौकटी आल्या. सोयीसाठी सगळ्या सारख्या उंचीच्या, एकाच पातळीवर, १०० बिंदू रुंद.

अ: ० ते १००, गुण ०.९२ (पुढचा घड)
ब: १० ते ११०, गुण ०.८८ (पुढचाच)
क: ५० ते १५०, गुण ०.८१ (मागचा घड)
ड: ४० ते १४०, गुण ०.७४ (मागचाच)

दोन चौकटी किती चढल्या आहेत ते मोजण्यासाठी दोघींचे सामाईक क्षेत्र भागिले दोघींनी मिळून व्यापलेले क्षेत्र असा भागाकार करतात. इंग्रजीत आयओयू. अ आणि ब यांच्यात सामाईक ९०, मिळून ११०, म्हणजे ०.८२. अ आणि क यांच्यात ५० भागिले १५०, म्हणजे ०.३३. इथे नवीन माणूस हमखास फसतो. निम्मी चौकट झाकली गेली तरी आकडा ०.५ येत नाही, एक तृतीयांश येतो. अ आणि ड यांच्यात ६० भागिले १४०, म्हणजे ०.४३. क आणि ड यांच्यात पुन्हा ०.८२.

मर्यादा ०.५ ठेवली तर: अ राहिली. ब गेली. क आणि ड अ-च्या तावडीतून सुटल्या. मग क राहिली आणि तिने ड-ला काढले. उरल्या दोन, घड दोन. हिशोब जुळला.

मर्यादा ०.३ वर आणली तर: अ-ने ब, ड आणि क, तिघींना काढले. उरली एक. मागचा घड खरा होता, क ही त्याची सर्वांत चांगली नोंद होती, आणि तीही गेली. ०.९ ठेवली तर चारही राहतात, दोन घडांचे चार होतात.

पाटीपेन्सिल, क ही दुबार चौकट नव्हती. पण यंत्राला ते कळायला वाव कुठे आहे? त्याच्या हातात फक्त दोन गोष्टी आहेत, गुण आणि चढलेले क्षेत्र. आत घड एक आहे की दोन, हे ते पाहतच नाही. जास्त गुणवालीला खेटून आहे म्हणून काढली, एवढाच निकष. बागायतदार साहेबांनी जे वर्णन केले ते अक्षरशः हेच आहे. ‘दुबार वगळले’ असे अहवालात लिहिले की वाचणारा समजतो, जे गेले ते सगळे फालतूच होते. ‘विरळणी केली’ लिहिले की तो विचारतो, किती अंतरावर केली? हा प्रश्न विचारला जायलाच हवा.

बागायतदार निफाड

हेच सांगायचे होते, मला मांडता आले नाही. विरळणीत चांगले रोपही जाते. म्हणून कुणाच्या हातून विरळणी करून घ्यायची ते आम्ही बघून ठरवतो.

एक विचारतो. पानाआड घड असतो, त्याचे काय? पानाची चौकट आणि घडाची चौकट एकमेकींवर असणारच. मग पान घडाला खाणार का?

कॅमेरेवाला

पान आणि घड अशी दोन वेगळी नावे मॉडेलला शिकवली असतील तर सहसा नाही. विरळणी बहुतेक वेळा एकेका नावाच्या चौकटींत स्वतंत्रपणे करतात, घडांची घडांत, पानांची पानांत. सगळ्या एकत्र घालूनही करता येते, पण तुमच्या बागेत तसे करू नये. पिकलेला घड आणि कच्चा घड अशी दोन नावे ठेवली तर मात्र उलटे करावे लागते. नाही तर एकच घड पिकलाही आणि कच्चाही, दोनदा मोजला जातो.

पाटीपेन्सिल

आकडे वाचून मुद्दा पटला. काय साधायचे आहे ते ‘दुबार’ सांगतो, काय केले जाते ते ‘विरळणी’ सांगतो. संज्ञा कृतीची असावी, म्हणून ‘विरळणी’ला माझी सहमती. ‘चौकट-विरळणी’ असे पूर्ण रूप ठेवा, म्हणजे शेतीविषयक मजकुरात घोटाळा होणार नाही. कॅनींच्या पायरीला ‘कड-विरळणी’ म्हणू नका मात्र. तिथे रेघ विरळ होत नाही, बारीक होते. मराठीत विरळ आणि बारीक यांत स्पष्ट भेद आहे.

आयओयूसाठी शाळेतला शब्द तयार आहे. संचांच्या धड्यात छेद आणि संयोग असतात, तेव्हा ‘छेद-संयोग गुणोत्तर’.

गोदातीर

बारीक आणि विरळ यांचा भेद मान्य. कडांसाठी ‘कड बारीक करणे’ असे साधे क्रियापदच ठेवते. एकाच इंग्रजी संज्ञेला मराठीत दोन शब्द झाले तर होऊ द्यावेत, कामे वेगळी आहेत.

छेद-संयोग गुणोत्तर उत्तम. या गुणोत्तराचे मूळही मुलांना सांगण्याजोगे आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जाकार यांनी १९०१ च्या सुमारास आल्प्समधल्या दोन ठिकाणच्या वनस्पतींत किती जाती समान आहेत हे मोजायला ते वापरले. समान जाती भागिले एकूण जाती. तिथे वस्तू मोजल्या, इथे क्षेत्रफळ मोजतो.

आता एक पोटप्रश्न. ‘विरळणी’ सगळ्याच रीतींना लावता येणार नाही. चेहरे ओळखण्याच्या व्हायोला आणि जोन्स यांच्या २००१ च्या पद्धतीत एकमेकींवर चढलेल्या चौकटींचा एक गट करून त्यांच्या कोपऱ्यांची सरासरी काढत. एकीला निवडून बाकीच्या काढत नसत. त्याला ‘चौकट-मीलन’ म्हणावे असे वाटते.

आणि २०१७ ची सॉफ्ट-एनएमएस. तिच्यात चौकट काढतच नाहीत. जितकी ती वरच्या चौकटीवर चढलेली, तितके तिचे गुण कमी करतात. कॅमेरेवाल्यांच्याच आकड्यांवर, ०.३ मर्यादा ठेवून आणि गुणांना ‘एक वजा गुणोत्तर’ने गुणून पाहिले. अ-मुळे क-चे ०.८१ होते ते ०.५४ झाले, ब-चे ०.८८ होते ते ०.१६ झाले, ड-चे ०.४२ झाले. मग क-ची पाळी आली. तिने ड-ला ०.०८ वर आणि ब-ला ०.०९ वर नेले. शेवटी ०.३ पेक्षा कमी गुणांच्या सोडून दिल्या की अ आणि क उरतात, दोन घड. म्हणजे ज्या मर्यादेवर नेहमीच्या विरळणीत मागचा घड गेला, तिथेच या रीतीने तो वाचला.

कॅमेरेवाला

तिला ‘गुणकपात’ म्हणा. विरळणी म्हटले की काढून टाकणे आलेच.

गर्दीत हा फरक फार जाणवतो. सिंहस्थात रामकुंडावर वरून घेतलेले चित्र डोळ्यांसमोर आणा. माणसे खांद्याला खांदा लावून असतात आणि अख्ख्या शरीराच्या चौकटी एकमेकींत पार घुसलेल्या असतात. मर्यादा कुठेही ठेवली तरी काही ठिकाणी एकाचे दोन होतात आणि काही ठिकाणी दोनाचा एक. अशा वेळी आम्ही शरीराऐवजी डोकी ओळखतो. डोक्यांच्या चौकटी लहान असतात आणि एकमेकींवर कमी चढतात. त्याहून दाट गर्दीत चौकटीच सोडून द्याव्या लागतात आणि चित्राच्या भागाभागातली माणसांची घनता अंदाजावी लागते.

विद्यार्थी पंचवटी

बाई, मी तुमच्याच वर्गातला. डेटर नावाच्या २०२० च्या मॉडेलमध्ये ही पायरीच नाही असे वाचले. मग शब्द कशाला हवा?

गोदातीर

त्यात ही पायरी नाही, हे खरे. शिकवतानाच प्रत्येक खऱ्या वस्तूला मॉडेलची नेमकी एक चौकट जोडतात. ही जोडणी हंगेरियन रीतीने होते, म्हणजे एकूण हिशोबात सर्वांत चांगल्या जुळणाऱ्या जोड्या निवडून. एकीलाच श्रेय मिळते आणि बाकीच्यांना ‘इथे काही नाही’ म्हणायला शिकवले जाते. त्यामुळे मॉडेल स्वतःच सहसा एका वस्तूला एक चौकट देते आणि नंतर विरळावे लागत नाही. योलो या वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलांच्या मालिकेतही २०२४ च्या दहाव्या आवृत्तीत विरळणीशिवाय चालणारी रीत आली. पण तुमच्या प्रकल्पात जे मॉडेल घेतले आहे ते विरळणी करते, शिवाय जुने कितीतरी काम तिच्यावरच उभे आहे. तू तुझ्या अहवालात मर्यादेचा आकडा लिहिलेला नाहीस, तो आधी लिही.

पाटीपेन्सिल

वाक्यात कसे वापरायचे तेही ठरवून टाकू. ‘चौकटी विरळल्या’ की ‘चौकटींची विरळणी केली’?

बागायतदार निफाड

आम्ही ‘विरळणी केली’ म्हणतो. नुसते ‘विरळले’ म्हटले तर कापडाबद्दल बोलताय असे वाटेल.

गोदातीर

मग टिपणात असे लिहिते: ‘छेद-संयोग गुणोत्तराची मर्यादा ०.५ ठेवून, एकेका नावाच्या चौकटींत स्वतंत्र विरळणी केली. विरळणीनंतर २ चौकटी उरल्या.’ मर्यादेचा आकडा नसेल तर विरळणी हा शब्द वापरायचा नाही, असा नियम वर्गात घालते.