लाल-पांढरा दोरा आणि राखी

रुमानियातील विद्यार्थी १ मार्चला एकमेकांना देतात त्या ‘मर्त्सिशोर’ची, म्हणजे लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्याची, तुलना राखीशी करावीशी वाटते. ती मनगटापुरती पटते, परंतु हा दोरा भावाबहिणीच्या नात्याला बांधलेला नाही. तो मैत्रिणीला, आईला, शिक्षिकेलाही दिला जातो. शेजारच्या बल्गेरियात याच दिवशी देतात त्या लाल-पांढऱ्या ‘मार्तेनित्सा’ तर लहानथोर, स्त्रीपुरुष सारेच घालतात, आणि करकोचा, पाकोळी किंवा मोहरलेले झाड दृष्टीस पडेपर्यंत त्या अंगावर वागवून मग बहुधा झाडाच्या फांदीला बांधतात. हा शेवट मला फार हृद्य वाटतो.

हाताने करायची रीत अगदी सोपी आहे: लाल आणि पांढरा असे दोन धागे एकत्र धरून दोन्ही टोकांनी उलटसुलट पीळ द्यायचा, मध्यावर दुमडायचे, की दोरा आपोआप स्वतःभोवती गुंडाळला जातो, मग टोकांना गोंडे लावायचे. बल्गेरियात याच रंगांच्या लोकरीपासून पिझो आणि पेंदा ही बाहुल्यांची जोडीही करतात.

युनेस्कोने २०१७ मध्ये ही प्रथा रुमानिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसेडोनिया या चारही देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली, हे मला विशेष उचित वाटते.